पंधराशें रुपयांचा शिपाई

बंदूक सरकारनें द्यावी, काडतूस सरकारनें द्यावें, महिन्याचे पैसे सरकारनें मोजावे, आणि त्या बंदुकीनें गांव जळालें म्हणजे मात्र सरकारनेंच म्हणावें कीं, "हा तर लोकांचा उठाव, यांत आमचें काय?" असला व्यापार आपल्या देशांत सहा वर्षें उघड्यावर चालला. तो चालला आपल्या गडचिरोली जिल्ह्याला लागून, इंद्रावतीच्या पैलतीरीं, छत्तीसगडच्या बस्तर भागांत. बस्तर फार दूर आहे असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं सिरोंचा तालुक्यांत इंद्रावतीच्या कांठीं उभें राहून पाहावें. समोरचें रान बस्तरचें. ज्यांचीं घरें जळालीं ते माडिया, मुरिया, दोरला लोक आपल्यासारखेच शेतीवर आणि हातांच्या कामावर पोट भरणारे. म्हणून हा विषय आम्ही आज आमच्या शेतकरी व कारागीर वाचकांपुढें मांडतों.

झालें तें असें. जून २००५ मध्यें आजच्या विजापूर जिल्ह्यांतील कुटरूच्या बाजूस सभा भरूं लागल्या. नक्षलवाद्यांच्या जाचाला कंटाळून आदिवासी आपण होऊन उठले आहेत, असें सांगण्यांत आलें. चळवळीचें नांव गोंडी भाषेंत ठेविलें, सलवा जुडूम. सरकारनें त्याचा अर्थ सांगितला शांतियात्रा. त्या भाषेचे जाणकार सांगतात कीं 'जुडूम' म्हणजे सर्वांनीं मिळून करावयाची शिकार. कोणता अर्थ खरा ठरला हें पुढें वाचकांस कळेलच.

नक्षलवाद्यांचा जाच नव्हता असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. खबऱ्या म्हणून माणसें मारणें, पंचायतीचा अधिकार स्वतःच्या हातीं घेणें, पोरांना दलांत ओढणें, हें सर्व त्यांनीं केलें, आणि त्याला कंटाळलेले लोक त्या पहिल्या सभांत असतीलहि. पण ज्या सभेला गांवानें यावें म्हणून पोलीस पाठीशीं उभे राहतात, जिला न येणारा गांव 'नक्षल्यांचा गांव' ठरतो, आणि असा ठरलेला गांव दुसऱ्या दिवशीं पेटतो, तिला लोकांचा उठाव म्हणणाऱ्यानें उठाव हा शब्द कोठें ऐकला होता कोण जाणे. रयत आपण होऊन उठते तेव्हां ती सावकाराच्या वाड्यावर जाते, कचेरीवर जाते. शेजारच्या गांवांतील आपल्याच सोयऱ्याची झोंपडी जाळावयास ती निघत नाहीं.

एकेका गांवाचें काय झालें तें आमच्या वाचकांस नीट समजेल, कारण शेतकऱ्याचें घर म्हणजे काय हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. जुडूमचा जमाव येई, बरोबर पोलीस व निमलष्करी शिपाई असत. घरें पेटवीत, कोठारांतलें धान्य जळे, कोंबड्या-बकऱ्या जात, गुरें हांकून नेत. कांहीं ठिकाणीं माणसें मारलीं, बायांची अब्रू घेतली. उरलेल्यांना सडकेच्या कडेला दोरनापाल, कोंटा, एर्राबोर अशा ठिकाणच्या छावण्यांत नेऊन बसविलें. सहाशेंहून अधिक गांवें अशीं ह्या धामधुमींत सांपडलीं आणि सुमारें ५०,००० माणसें छावण्यांत आलीं. छावणींत शिधा मिळतो, मान्य आहे. पण मोहाचीं फुलें वेंचावयाचीं चैत्रांत, आणि तीं वेंचणारी बाई बसली आहे सडकेला, रान सहा कोसांवर. तेंदूपानाचा हंगाम महिन्याभराचा, त्यावर वर्षाचें मीठ-कापड. तो गेला. पेरणीच्या वेळीं शेतीं जावें तर नक्षलवादी विचारणार कीं तूं छावणींत कां गेलास. छावणी सोडून जावें तर पोलीस विचारणार कीं तूं नक्षल्यांकडे कां गेलास. दोन साल जमीन पडीक राहिली कीं त्या मातींत काय काय उगवतें आणि तें काढावयास किती बैल झिजवावे लागतात, हें राजधानींत बसून छावण्यांचा नकाशा काढणाऱ्यांना कोण सांगणार?

ज्यांना छावणी नको होती ते पळाले. हजारों माणसें पायीं पायीं आंध्रांतील खम्मम जिल्ह्याच्या रानांत गेलीं. त्यांच्याविषयीं शेवटीं बोलूं.

आतां ह्या शिपायाचा पगार पाहा. जुडूमच्या पोरांना सरकारनें 'विशेष पोलीस अधिकारी' असें भारदस्त नांव दिलें. तिकडे त्यांना एसपीओ म्हणत, पुढें कोणी कोया कमांडोहि म्हणूं लागले. अधिकारी! महिना पंधराशें रुपये. पुढें वाढून २०११ पर्यंत तीन हजार झाले. ह्या पैशाचा भार केंद्र सरकारहि उचलीत होतें, म्हणजे तुमच्या-आमच्या मिठाकाडीवरील कराचाहि त्यांत अंश होता. नेमणूक वर्षावर्षाची, हवी तर वाढवावयाची, नको तेव्हां काढून टाकावयाचें. पेन्शन नाहीं. शिक्षण पांचवी पास असलें तर उत्तम, असा दंडक. शिकवणी दोन महिन्यांची. चाकरी पोलिसाची आणि करार सालगड्याचा! सालगडी निदान अक्षय्य तृतीयेला हिशेब मागूं शकतो. ह्या पोरानें हिशेब मागावा तरी कोणापाशीं? नक्षलवाद्यांच्या यादींत त्याचें नांव गेलेलें, गांवाला परत जाण्याची वाट बंद, बंदूक खालीं ठेवावी तर मरण. अशा रीतीनें बांधलेला नोकर सरकारला इतक्या स्वस्तांत दुसरा कोठें मिळाला असता?

सरकारनें सर्वोच्च न्यायालयांत सांगितलें कीं हीं पोरें केवळ वाटाडे, दुभाषे आणि माणसें ओळखून देणारीं. बंदूक दिली ती त्यांच्या स्वतःच्या रक्षणापुरती. मग त्याच सरकारनें दिलेल्या आंकड्यांप्रमाणें एकशें सत्तरांहून अधिक एसपीओ मेले ते कसे? वाटाड्या पुढें चालतो, म्हणून सुरुंग पहिल्यानें त्याच्या पायाखालीं फुटतो. नियमित शिपायांच्या मानानें हीं पोरें जास्त मेलीं, हें न्यायालयानेंहि टिपून ठेविलें. १५ मार्च २००७ रोजीं राणीबोदली येथील पोलीस ठाण्यावर नक्षलवाद्यांनीं रात्रीं हल्ला केला, त्यांत ५५ जण मेले. निम्म्याहून अधिक हेच पंधराशें रुपयांचे अधिकारी. त्याआधीं जुलै २००६ मध्यें नक्षलवाद्यांनीं एर्राबोरची छावणीच पेटविली, तीसांहून अधिक माणसें मेलीं आणि त्यांत लेंकरेंहि होतीं. गरिबांसाठीं लढतों म्हणणाऱ्यांनीं जळत्या झोंपडींत लेंकरूं मारावें, ह्या कृत्याला आमच्या पत्रांत एकच नांव आहे, आणि तें म्हणजे खून. पण त्या लेंकराला भर रस्त्याच्या कडेला, दोन बंदुकांच्या मधोमध आणून बसविलें कोणीं, हाहि प्रश्न आम्ही विचारणारच.

यांत पक्षांची गंमत पाहण्यासारखी आहे. रायपुरांत राज्य भारतीय जनता पक्षाचें, मुख्यमंत्री रमणसिंह. जुडूमचे पुढारी महेंद्र कर्मा, ते काँग्रेसचे आणि विधानसभेंतील विरोधी पक्षनेते. दिल्लींत राज्य काँग्रेसचें. एरवीं गांवच्या हापशावरून भांडणारे हे दोन पक्ष रयतेच्या हातून रयत मारविण्याच्या कामांत मात्र एका पंक्तीला जेवले. कर्मा यांना पुढें २५ मे २०१३ रोजीं दरभा घाटांत नक्षलवाद्यांनीं ठार मारलें, त्यांच्यासोबत इतर अनेक माणसें गेलीं. मेलेल्या माणसाशीं आमचें वैर नाहीं. पण त्यांच्या मरणानें जळालेल्या गांवांचा हिशेब चुकता झाला असें कोणी म्हणेल तर तें आम्हांस मान्य नाहीं.

आणखी एक तारीख सांगून ठेवतों, तिचा अर्थ ज्यानें त्यानें लावावा. ज्या जून २००५ मध्यें जुडूम निघाली त्याच महिन्यांत बस्तरांतील लोहंडीगुडा येथें पोलादाचा कारखाना काढण्याचा करार छत्तीसगड सरकारनें एका मोठ्या कंपनीशीं केला. कारखाना कधीं झालाच नाहीं. कंपनी २०१६ सालीं निघून गेली आणि घेतलेली जमीन शेतकऱ्यांना २०१९ सालीं परत मिळाली. दोन्ही गोष्टी एकाच कारस्थानाच्या, असें सिद्ध करणारा कागद आमच्यापाशीं नाहीं, म्हणून तसें आम्ही म्हणत नाहीं. ज्या जमिनीखालीं लोखंड आहे तिच्यावरील माणसें सडकेला नेऊन बसवितात तेव्हां शेतकऱ्यानें डोळे उघडे ठेवावे, एवढेंच म्हणतों.

राज्यकर्त्यांना हें नवें वाटत असेल, आपल्याला नाहीं. पेंढारी आठवा. ते शिंदे-होळकरांच्या फौजांमागें बिनपगारी फिरत, लुटीवर पोट भरीत, आणि लुटीच्या मुभेबद्दल सरदारांना पट्टी देत. लढाईच्या दिवशीं ते सरदारांचे. गांव लुटल्याच्या दिवशीं कोणाचेच नव्हेत. १८१७-१८ सालीं इंग्रजांनीं त्यांचा बीमोड केला तोंवर माळव्यापासून खालपर्यंत रयतेचे हाल कुत्रा खाईना. उलट शिवाजी महाराजांचें १६७३ सालचें पत्र पाहा. चिपळूणकडे छावणी करून राहिलेल्या आपल्याच लष्कराच्या अंमलदारांना महाराज बजावतात कीं दाणागोटा बेतानें खर्चा. तो संपला म्हणजे तुम्ही कुणब्याच्या घरीं शिराल, कोणी दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी लांकूडफाटा, कोणी भाजी. मग कुणबी घरेंदारें टाकून जातील, आणि तुमच्यापेक्षां मोगल बरा असें त्यांना वाटेल. साडेतीनशें वर्षांपूर्वीं ज्या राजाला भाजीच्या जुडीची काळजी होती, त्याच्या नांवानें जयजयकार करणारे लोक आज गांवच्या गांव जळाल्यावर तोंडांत मूग धरून बसतात!

गांवानें स्वतःचें रक्षण करूं नये काय, असें कोणी विचारील. करावें. आपल्याकडे जागल्या होता, रामोशी होता. पण तो गांवचा. रात्रीं गस्त घाली ती स्वतःच्या वेशीच्या आंत. चोरी झाली तर माग काढून द्यावयाचा, नाहीं तर नुकसान भरून द्यावयाचें, असा त्याच्यावर बोजा. चूक झाली कीं चावडीवर उभा करण्याला त्याचें तोंड सगळ्या गांवाला ओळखीचें. ह्या एसपीओचा माग कोण काढणार? त्यानें जाळलेलें गांव कोणत्या चावडीवर त्याला उभा करणार?

मराठवाड्यांतील म्हाताऱ्या माणसांनीं हें सारें आपल्या अंगणांत पाहिलें. निजामाच्या संस्थानांत कासीम रझवीचे रझाकार १९४७-४८ सालीं काय करीत होते तें सांगणारीं माणसें आतां थोडीं उरलीं. रझाकार ह्या शब्दाचा अर्थच स्वयंसेवक. गांवें लुटलीं कीं निजामाचें सरकार म्हणे, हे तर आपखुषीनें आलेले लोक! सप्टेंबर १९४८ मध्यें हिंदी फौज शिरली, रझाकार संपले. आणि मग दुसरी बाजू उलटली. रझाकारांशीं कांहीं एक संबंध नसलेल्या गरीब मुसलमानांचीं घरें जमावांनीं लुटलीं, माणसें कापलीं. कोठें कोठें गणवेशांतले लोकहि त्यांत होते. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें मेलेल्यांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला आणि तो अहवाल सरकारी कपाटांत कित्येक दशकें पडून राहिला. त्यांतले बहुतेक विणकर, शेतमजूर, किरकोळ दुकानदार. निजामाच्या वाड्याची एक कौलहि हलली नाहीं. तो पुढें राजप्रमुख झाला. काश्मिरांत १९९० नंतर शरण आलेल्या बंडखोरांच्या इखवान टोळ्या उभ्या केल्या, तेथेंहि रडले ते खेड्यांतले लोक. सातासमुद्रांपलीकडे ग्वाटेमाला नांवाच्या देशांत १९८१ पासून लष्करानें माया जमातीच्या शेतकऱ्यांच्याच गस्ती टोळ्या करून शेजारच्या गांवांवर घातल्या. देश बदलतो, झेंडा बदलतो, मरणाऱ्याची जात मात्र फिरून फिरून नांगर धरणारी आणि माग चालविणारीच कशी निघते?

बस्तरच्या गोष्टीचा दुसरा भाग न्यायाचा आहे. २००७ सालीं नंदिनी सुंदर, रामचंद्र गुहा व ई. ए. एस. शर्मा हे सर्वोच्च न्यायालयांत गेले. सरकारचे वकील वर्षानुवर्षें सांगत राहिले कीं सर्व ठीक आहे. तेवढ्यांत मार्च २०११ मध्यें मोरपल्ली, तिमापुरम, ताडमेटला हीं तीन गांवें कांहीं दिवसांच्या अंतरानें जळालीं, सुमारें तीनशें घरें गेलीं, आणि मदत घेऊन निघालेल्या स्वामी अग्निवेश यांच्यावरहि वाटेंत हल्ला झाला. ५ जुलै २०११ रोजीं न्यायमूर्ति सुदर्शन रेड्डी व निज्जर यांनीं निकाल दिला: अशीं अर्धशिक्षित पोरें हत्यारें देऊन लढाईंत घालणें राज्यघटनेच्या चौदाव्या व एकविसाव्या कलमांविरुद्ध आहे, बंदुका परत घ्या, केंद्रानें पैसा बंद करावा, गुन्हे दाखल करा, ताडमेटलाची चौकशी सीबीआयनें करावी. न्यायालयानें हीं पोरेंहि फसवलीं गेलीं असेंच मानलें, ही त्या निकालांतील आम्हांस सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

मग सरकारनें काय केलें? त्याच वर्षीं नवा कायदा केला, आणि त्याच पोरांना सहायक सशस्त्र दल असें नांव देऊन पुन्हां उभें केलें. पगार वाढला, गणवेश आला, काम तेंच. जिल्हा राखीव दलहि निघालें. त्यांत स्थानिक पोरें आणि शरण आलेले नक्षलवादी. ऑक्टोबर २०१६ मध्यें सीबीआयनें न्यायालयास कळविलें कीं ताडमेटला जाळण्यांत सुरक्षा दलांचे व एसपीओ लोकांचे हात होते. म्हणजे पांच वर्षें पोलीस सांगत होते कीं नक्षल्यांनीं जाळलें, तें खोटें. यावर लाज वाटावी कीं नाहीं? त्याच महिन्यांत बस्तरांत गणवेशांतल्या जवानांनीं नंदिनी सुंदर वगैरे मंडळींचे पुतळे जाळले! पोलिसांनीं पुतळे जाळण्याचा मोर्चा काढावा, हा प्रकार आम्ही तरी दुसरीकडे ऐकिला नाहीं. न्यायालयाचा अवमान झाला म्हणून केलेला अर्ज मे २०२५ मध्यें निकालांत निघाला. विधिमंडळानें कायदा केला म्हणजे अवमान होत नाहीं, असें सांगण्यांत आलें. त्याबरोबर हेंहि सांगितलें कीं त्या भागांत शांतता व पुनर्वसन करणें हें राज्याचें आणि केंद्राचें कर्तव्य आहे. आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें देशाचे गृहमंत्री म्हणाले कीं तो २०११ चा निकाल झाला नसता तर नक्षलवाद केव्हांच संपला असता. गृहमंत्र्यांस आमचा एकच सवाल आहे. २००५ पासून २०११ पर्यंत निकाल नव्हता, बंदुका होत्या, पैसा होता. त्या सहा वर्षांत नक्षलवाद घटला कीं वाढला? एप्रिल २०१० मध्यें त्याच ताडमेटलाच्या रानांत ७६ जवान एका सकाळीं मारले गेले, ते जुडूम चालू असतांना कीं बंद झाल्यावर? ज्यांचीं घरें जाळलीं तीं पोरें कोठें गेलीं असतील, याचा विचार करावयास गृहखातें लागत नाहीं.

शहाणे लोक म्हणतात, तुम्हांला पोलीस नकोत कीं काय? आम्हांला पोलीस हवेत. भरती केलेला, शिकविलेला, पट्ट्यावर नंबर असलेला, चूक केली तर ज्याच्यावर खटला चालतो आणि मेला तर ज्याच्या विधवेला पेन्शन मिळतें, असा पोलीस हवा. गडचिरोलींत १९९० सालीं सी-६० दल निघालें त्यांतहि स्थानिक पोरें घेतलीं, पण तीं पोलिसांच्या हजेरीपटावर. त्यांच्याविरुद्धहि तक्रारी झाल्या आहेत, त्यांचीहि चौकशी व्हावी. निदान तक्रार कोणाच्या नांवानें लिहावयाची हें तरी ठाऊक असतें. आदिवासीच्या पोराला शिपाई करावयाचें तर पुऱ्या पगाराचा, पुऱ्या जबाबदारीचा शिपाई करा.

आतां ते पळालेले लोक. खम्ममच्या त्या रानांत, जें आज तेलंगणांत आहे, बस्तरहून गेलेलीं कुटुंबें वीस वर्षें होत आलीं तरी झोंपड्या घालून राहतात. तेथें त्यांना गुत्ती कोया म्हणतात. स्वतःच्या राज्यांत ते अनुसूचित जमात. तेथें तो दाखला मिळत नाहीं. मिरचीच्या शेतांत मजुरी करतात. रान साफ करून चार काठ्या रोंवल्या कीं जंगल खातें येऊन त्या उपटतें. म्हणजे एका सरकारनें जाळलें तें दुसरें सरकार मोडतें. छत्तीसगडांत परत जावें तर तेथें जमीन कोणाच्या नांवावर आहे, बांध कोठें आहे, घराची भरपाई मिळणार कीं नाहीं, हें कोणी सांगत नाहीं. आमची मागणी साधी आहे. दोन्ही राज्यांनीं आणि केंद्रानें मिळून गांववार यादी करावी: कोणाचें घर जळालें, कोणाचीं गुरें गेलीं, घरांतला कोण मेला आणि कोणाच्या हातून. ज्यांना परत जावयाचें त्यांना जमिनीचा उतारा, बी-बियाणें आणि बैलजोडी द्यावी; ज्यांना राहावयाचें त्यांना तेथें जमातीचा दाखला द्यावा. पंधराशें रुपयांवर ज्यांना बंदूक दिली त्यांच्या विधवांचींहि नांवें त्याच यादींत यावींत. यादी कोठून धरावी असा कोणा अंमलदाराला प्रश्न पडला तर मोरपल्लीपासून धरावी. तेथील जळालेलीं घरें न्यायालयाच्या कागदांवर आधींच आलेलीं आहेत.